आईची मलेरियाची इम्युनिटी पोटातल्या बाळाला मिळते का?

चौकस_चिमणी: आफ्रिकेत जिथे वर्षभर मलेरिया असतो तिथली बाळं पहिले काही महिने त्यातल्या त्यात बरी राहतात आणि नंतर पटापट आजारी पडायला लागतात असं वाचलं. हे आईकडून येतं का? मग गरोदरपणात मलेरिया झाला तर बाळाचा उलट फायदाच म्हणायचा की काय? जाणकारांनी सांगा प्लीज.

सूक्ष्मदर्शक: हो, आईकडूनच. तिच्या रक्तातल्या आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडीज (रोगाशी लढणारी प्रोटीन्स) वारेतून बाळाकडे जातात, पण आपोआप झिरपत नाहीत बरं का, वारेच्या पेशीत एफसीआरएन नावाचा रिसेप्टर असतो तो त्यांना धरून पलीकडे नेऊन सोडतो. आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीजना मात्र तिकडे नो एंट्री. बहुतेक आयजीजी शेवटच्या तीन महिन्यांत जातात, त्यामुळे सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ अर्धीच शिदोरी घेऊन येतं. आणि त्या साधारण 3 आठवड्यांत निम्म्या होतात, परत 3 आठवड्यांत त्याच्या निम्म्या, सहा महिन्यांनी काय उरणार?

रातकिडा: फायदा वगैरे अजिबात नाही हां! लहानपणापासून मलेरिया पचवलेली बाई पण पहिलटकरीण असली की सापडते, कारण फाल्सिपेरम हा मलेरियाचा परजीवी शिरलेल्या लाल पेशी व्हीएआर2सीएसए नावाच्या प्रोटीनने वारेला चिकटून बसतात आणि तिच्या शरीराने हे प्रोटीन आधी पाहिलेलंच नसतं, वारच नव्हती तर पाहणार कुठे. पुढच्या बाळंतपणांत तेवढा त्रास होत नाही. पण अशी वार सुजली की बाळाचं वजन कमी भरतं आणि वर अँटीबॉडीज पण कमी पोचतात, म्हणजे दोन्हीकडून मार.

सूक्ष्मदर्शक: +1. अँटीबॉडीजमध्ये खरंच दम असतो हे 1961 मध्येच दिसलं होतं, गांबियात मोठ्या माणसांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन (म्हणजे अँटीबॉडीज असलेला भाग) आजारी मुलांना टोचलं तर रक्तातले जंतू झपाट्याने कमी झाले. तरी सगळं श्रेय त्यांनाच नको, बाळाच्या रक्तात सुरुवातीला फीटल हिमोग्लोबिन (गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन) असतं, काही शास्त्रज्ञ त्यालाही थोडं श्रेय देतात.

चौकस_चिमणी: अच्छा! मग गरोदर बायकांना तिथे काय देतात?

रातकिडा: मच्छरदाणी, आणि चौथ्या महिन्यापासून सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन या मलेरियाच्या औषधाचे डोस, दोन डोसांत किमान महिन्याचं अंतर, ताप असो नसो. बाळाला मलेरियाची लस साधारण 5 महिन्यांपासून.