एमडी सुटत नाही, हा मनाचा दुबळेपणा का?

रानवारा: माझा मावसभाऊ एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या नादी लागला. एकदा सकाळी लेकीच्या फीचं पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाला, "दादा, रात्री मागितलं तरी देऊ नकोस." रात्री नऊला दारात हजर. घामाघूम, जबडा सारखा हलतोय. त्याच पाकिटासाठी माझ्या पाया पडला.

घरचे आजही म्हणतात, "मनावर घेतलं असतं तर सुटलं असतं." अहो, सकाळी त्यानं मनावरच घेतलं होतं! हे ड्रग मेंदूत डोपामिनचा, म्हणजे "हे पुन्हा हवं" असं वाटायला लावणाऱ्या रसायनाचा, पूर आणतं. सारखं तसं झालं की जेवण, पगार, लेकीचं हसणं, सगळं फिकं पडतं. आणि कपाळामागचा जो भाग "थांब, उद्याचं बघ" म्हणतो, त्याचा लगाम सुटतो. मेथ (मेथॅम्फेटामिन), कोकेन अशा एमडीसारख्याच उत्तेजक ड्रगच्या व्यसनींना "आज थोडे पैसे की महिन्याने जास्त?" असं विचारलं, तर ते इतरांपेक्षा जास्त वेळा आजचेच घेतात.

चाफेकळी: दादा, राग मानू नका, पण हे वाचून जीव जळतो. माझ्या नवऱ्यानं गंठण गहाण टाकलं आणि हुबेहूब तसंच एक ग्रॅमचं डब्यात ठेवलं. सहा महिने मला पत्ता नाही. इतकं पुढचं आखणाऱ्याला उद्याचं कळत नाही? सगळं मेंदूवर ढकललं, तर मी जाब कुणाला विचारू?

रानवारा: ताई, त्यालाच विचारा. आखणी शाबूतच असते, पण सगळी त्या एका पुडीकडे वळलेली. शपथा घालून भागत नाही, एवढंच माझं म्हणणं.

ओसरी: मी व्यसनमुक्तीचं काम करते. अशा उत्तेजकांच्या व्यसनावर खास मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. उपयोग दिसतो तो एका साध्या गोष्टीचा: लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच, तिथल्या तिथे छोटं बक्षीस. 'पुढे आयुष्य सुधारेल' हे त्या माणसाला फार लांबचं वाटतं. आणि महिनाभरात निकाल मागू नका. अमेरिकेतल्या मेंदूसंशोधक नोरा वोल्कोव यांच्या 2001 च्या छोट्या अभ्यासात, वर्षभर किंवा जास्त मेथपासून दूर राहिलेल्यांच्या मेंदूतली डोपामिनची यंत्रणा बरीच सावरलेली दिसली. स्मरणशक्ती मात्र तितकी नाही.

चाफेकळी: वर्षभर... आमचा सातवा महिना चालू आहे. पैसे माझ्याकडेच असतात. गंठणाचं मात्र मी त्याला विचारते, आणि विचारणारच.