'कोपऱ्यात उभा राहून पळणारा', म्हणे!

चहाबाज
जून २०२५ मध्ये रग्बी लीगचा जुना विंगर, वेल्सच्या कार्डिफचा कृष्णवर्णीय बिली बोस्टन, याला 'सर' किताब मिळाला. त्या बातमीखाली आपल्या आबा बेरकींनी लिहिलं, "हा प्रायश्चित्ताचा किताब. विंगर म्हणजे कोपऱ्यात उभा राहून शेवटचे दहा यार्ड पळणारा. घाम बाराजणांचा, ट्राय याच्या नावावर." (ट्राय म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण.) दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

आबा, १९५४ चा दौरा आठवा. विगन क्लबकडून जेमतेम सहा सामने खेळलेलं एकोणीस वर्षांचं पोरगं ग्रेट ब्रिटनच्या संघातून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेलं आणि १८ सामन्यांत ३६ ट्राय करून आलं. पुढे विगनसाठी ४८८ सामने, ४७८ ट्राय. उत्तरार्धात तर गडी पंधरा स्टोनांचा (सुमारे ९५ किलोंचा) झाला होता. समोरच्याला चुकवायचं की तुडवायचं, एवढाच प्रश्न. चेंडूची वाट बघत कोपऱ्यात गारठणारा हा माणूस नव्हे.

आणि प्रायश्चित्तच म्हणायचं, तर ते एकट्या बोस्टनपुरतं कसं? सामन्यापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना द्यावी म्हणून इंग्लंडच्या उत्तरेतल्या क्लबांनी १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या हॉटेलात रग्बी युनियनपासून वेगळी चूल मांडली, तीच पुढे रग्बी लीग झाली. तेव्हापासून १३० वर्षांत या खेळातला एकही खेळाडू 'सर' झाला नव्हता. राजवाड्याच्या लेखी खाणीतल्या आणि गिरणीतल्या लोकांचा हा खेळ कायम ओसरीवरचाच.

आबा बेरकी
निबंध छान. पण आत एरिक ॲश्टनसारखा सेंटर, म्हणजे विंगरच्या शेजारून पास देणारा, असेल तर बाहेर आमचा बंड्यासुद्धा ट्राय करेल. पास कधी सोडायचा, बचाव कुठे ओढायचा, सगळं त्या ॲश्टनचं डोकं.

आणि आकडेच हवेत ना? वॉरिंग्टनचा ब्रायन बेव्हन घ्या. टकला, तोंडाचं बोळकं, गुडघ्यांना पट्ट्या, अंगाने काडीपैलवान. एकूण ट्राय ७९६! तुमच्या बोस्टनचे सगळे मिळून ५७१. सव्वादोनशेचा फरक काय ओटीत घालायचा? ऑस्ट्रेलियाच्या या माणसाला त्याच्या देशाने एकदाही खेळवलं नाही. त्याच्यासाठी कुणी रडलं?

चहाबाज
आबा, बेव्हनही विंगरच होता. कोपऱ्यातलाच.
आणि ॲश्टन विगनला आला १९५५ मध्ये. आदल्या वर्षीच्या त्या ३६ ट्रायना पास कुणी दिले, बंड्याने?

मीनल_हल
तुम्ही दोघं विगन-वॉरिंग्टनमध्येच फिरा. इंग्लंडातल्या आमच्या हल शहरात शिरणाऱ्या हमरस्त्याचं नावच 'क्लाइव्ह सलिव्हन वे' आहे. तोही विंगर, तोही कार्डिफचा. १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनने विश्वचषक जिंकला तो त्याच्या कप्तानपदाखाली आणि अंतिम सामन्यात जवळजवळ अख्खं मैदान पळून ट्राय केला त्यानेच. हलच्या दोन हाडवैरी क्लबांकडून खेळूनही दोन्हीकडचा लाडका. बेचाळिसाव्या वर्षी गेला, नाहीतर किताबाच्या रांगेत तोही असता.

माझे सासरे १९७४ मध्ये इथल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून लागले. एक पेशंट म्हणाला, याचा हात मला लावू देऊ नका. शेजारच्या खाटेवरचा गोदीकामगार उठून बसला नि म्हणाला, "देशाचा कप्तान काळा चालतो, मग डॉक्टर का नाही रे?" सासऱ्यांना रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पुढच्या शनिवारपासून मॅचला जायला लागले.

फिरकीवाला
गोड आठवण. पण १९५७ चं कुणीच काढत नाही. ऑस्ट्रेलियातला विश्वचषक संपवून ब्रिटनचा संघ प्रदर्शनी सामने खेळायला दक्षिण आफ्रिकेत उतरला आणि बोस्टनला एकट्याला घरी धाडलं. कारण वर्णभेद. बाकीचे निमूट खेळले! एकाने तरी म्हणायचं होतं, बिली नाही तर मीही नाही.

आबा बेरकी
घरात बसून शूर होणं सोपं. ते आठवडाभर नोकरी करून शनिवारी खेळणारे लोक. चार पैसे सुटत असतील तर सोडतील? तुम्ही सोडले असते?

फिरकीवाला
हेच उत्तर आपल्याकडेही मिळतं. पुण्यात दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू इंग्रजांच्या क्लबात मैदान राखायचा, साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायचा. हिंदूंच्या संघात घेतला तो बळी मिळवायला. चहाला मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचा कप्तान नेमलं नाही. तो मान १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाला. तेव्हा आत बसून कपबशीतून चहा पिणाऱ्यांना काय चार पैसे सुटत होते?

गोट्या सांगलीकर
झालं! वेल्सच्या विंगरवरून गाडी जातीवर. फिरकीवाले, प्रत्येक धाग्यात हेच.

फिरकीवाला
हो, हेच. परक्याच्या वर्णभेदावर हळहळायला काही लागत नाही. बाळूचं नाव काढलं की 'विषयांतर'.

गोट्या सांगलीकर
मी बाळूंबद्दल वाईट बोललोय का? माझ्या तोंडी नसलेलं घालू नका. आणि तुलनाच चुकीची. बोस्टनला विगनने पहिल्या दिवसापासून डोक्यावर घेतलं. बाळूला कोणत्या गावाने घेतलं?

फिरकीवाला
म्हणजे विगनइतकंही आपल्याला जमलं नाही, हे तुम्हीच सांगताय. आभारी आहे.

मीनल_हल
पुरुषमंडळी, सलिव्हनबद्दल कुणी एक ओळ लिहाल?

चहाबाज
धागा माझा, म्हणून परत मूळ घरी नेतो. बोस्टनचं कार्डिफच्या टायगर बे वस्तीतलं अकरा भावंडांचं घर, वडील सिएरा लिओनचे खलाशी. पोराचं स्वप्न एकच, कार्डिफकडून आणि वेल्सकडून युनियन खेळायचं. कार्डिफने बोलावलंच नाही. विगनची माणसं घरी आली तेव्हा त्यांना कटवायला आईने तीन हजार पौंड सांगितले, असा किस्सा आहे. त्यांनी ते मोजले की हो! त्या काळी एकदा लीगचा पैसा घेतला की युनियनचं दार कायमचं बंद. वेल्सच्या युनियन संघात कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९८० चं दशक उजाडलं. आता सांगा आबा, कोपऱ्यात तो आपणहून उभा राहिला होता का?

कार्डिफने त्याचा पुतळा उभारला २०२३ मध्ये, सलिव्हन आणि आणखी एक लीग खेळाडू गस रिस्मन यांच्या सोबत. विगनने त्याला करारबद्ध केल्यावर सत्तर वर्षांनी. (मीनलताई, झाली ना ओळ?)

आबा बेरकी
१९५५ ची माझी चूक. ॲश्टन मागे घेतो, बंड्याही. दौऱ्याचे ३६ मान्य. निवृत्तीनंतर विगनमध्येच पब चालवत राहिला, हेही मला आवडतं, पण त्याचे किताबाला गुण नाहीत.
तरी विंगर म्हणून बेव्हनच. उद्या त्याच्यावर वेगळा धागा काढतो. तिथे ५७१ घेऊन येऊ नका.

फिरकीवाला
मी १९५७ घेऊन येतोय.

गोट्या सांगलीकर
घ्या!