अमेरिकेतल्या कॉलेजला ईडी (अर्ली डिसिजन) केलं की प्रवेश सोपा होतो का?

निशिगंध:
लेक यंदा बारावीत, आम्ही न्यू जर्सीत. दोन आठवडे घरात एकच विषय चाललाय, ब्राउन विद्यापीठाला अर्ली डिसिजन (ईडी: अर्ज लवकर करायचा, आणि घेतलं तर तिथेच जायचं) करायचं का. मुदत १ नोव्हेंबर. तिच्या मैत्रिणीच्या आईने परवा आकडे ऐकवले: २०२४ च्या प्रवेशांत ईडीवाल्यांतले सुमारे १४ टक्के घेतले, सगळे अर्ज धरले तर जेमतेम ५. नवरा म्हणतो, "मग विचार कसला करतेस?" मला खटकतंय. अर्जासोबतचा निबंध अजून कच्चा आहे, खर्च वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर, आणि सही केली की मागे फिरता येत नाही म्हणतात. कुणी केलंय का?

खडूफळा:
दोन मुलांचं करून झालंय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी ते "तिप्पट" डोक्यातून काढा. त्या १४ टक्क्यांत कोचनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू आहेत, माजी विद्यार्थ्यांची मुलं आहेत. ती वजा केली की तुमच्या-आमच्या मुलांसाठी फायदा बराच आक्रसतो. पण उरतो, हेही खरं. २००३ साली हार्वर्डचे दोन प्राध्यापक आणि एक माजी प्रवेश अधिकारी यांनी लवकर अर्जाचा फायदा एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या साधारण १०० गुणांइतका असल्याचं मांडलं होतं. जुनी गोष्ट आहे, पण कारण आजही तेच. नियमित फेरीतल्या मुलाच्या हातात मार्चअखेर प्रवेशाची चार-पाच पत्रं असतात, तो १ मेपर्यंत कुणाला हो म्हणेल याचा कॉलेजला पत्ता नसतो. ईडीवाली मुलगी म्हणजे साखरपुडा झालेली. अर्ली अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे लवकर अर्ज पण बंधन नाही अशा फेरीत, म्हणूनच तेवढी गंमत नाही. जॉर्जटाउन तर सांगतंच की लवकर अर्ज केला म्हणून आमच्याकडे शक्यता वाढत नाही.

आता आमची फजिती. थोरल्याने ईडीचा अर्ज ३१ ऑक्टोबरच्या रात्री साडेअकराला पाठवला. निबंध मी दुसऱ्या दिवशी वाचला. रोबोटिक्सची ट्रॉफी, नेतृत्व, संघभावना, सगळं होतं, फक्त आमचा मुलगा नव्हता. डिसेंबरमध्ये डिफर, म्हणजे निर्णय नियमित फेरीवर ढकलला. (डिफर झालं की बंधन सुटतं, एवढाच दिलासा.) मग नियमित अर्जांसाठी त्याने आजोबांच्या श्रवणयंत्राशी केलेल्या खटपटीवर लिहिलं. यंत्र त्याने आधी बिघडवलं होतं, मग दुरुस्त केलं. तो निबंध ऑक्टोबरमध्ये हवा होता!

पैशाचं: कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला अंदाजे किती पडेल ते सांगणारा) असतो, ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तो आधी भरा. कॉलेजची आर्थिक मदत खरंच अपुरी पडली तर ईडीतून सोडा म्हणता येतं, पण दुसऱ्या कॉलेजचं पत्र दाखवून तुलना करायची सोय राहत नाही. मला विचाराल तर ईडीची खरी किंमत हीच.

रानमोगरा:
आम्ही कॅलिफोर्नियात. यूसीमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) लवकरची फेरीच नाही. १ ऑक्टोबरपासून अर्ज घेतात, पहिल्या दिवशी टाका नाहीतर मुदतीच्या दिवशी, वजन तेवढंच. माझ्या भाचीने पहिल्याच दिवशी पाठवला, नंतर एक उपक्रम लिहायचा राहिल्याचं लक्षात आलं. अर्ज एकदा गेला की त्यात उपक्रम वाढवता येत नाही.

तिसरी घंटा:
रोलिंगवाल्यांना विसरू नका. पिट्सबर्गसारख्या ठिकाणी अर्ज येतील तसे वाचतात आणि जागा भरत जातात, तिथे लवकर म्हणजे खरंच लवकर. आमच्या धाकटीचं प्रवेशाचं एक पत्र हातात आल्यावर तिचा पुढच्या अर्जांचा सूरच बदलला.

निशिगंध:
@खडूफळा, काल रात्री कॅल्क्युलेटर भरला. आकडा बघून नवरा गप्प झाला, मग म्हणाला, परत भर. परत तोच आला. ओढाताण होईल, पण जमेल. लेकीला श्रवणयंत्राची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "आई, माझं तसलं काहीच बिघडलेलं नाही." मग अर्धा तास आजीकडून फोनवर मराठी वाचायला शिकताना झालेल्या भांडणांबद्दल बोलत बसली. मी म्हटलं, हेच लिही. २० ऑक्टोबरपर्यंत जमलं तर ईडी, नाहीतर जानेवारीत नियमित. पिट्सबर्गचा अर्ज मात्र आज रात्रीच भरतोय.