राज्यशास्त्राच्या वर्गात खोटी सुनावणी लावावी का?

पैठण_कालवा: बी.ए. तृतीय वर्षाला संस्था शिकवायच्या तर अभिरूप विधानसभा नको. चौघं बोलतात, बाकीचे बाकं वाजवतात. त्यापेक्षा जायकवाडी धरणासाठी नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं का, याची सुनावणी लावा. 2014 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशाचा आधार 15 ऑक्टोबरचा 65 टक्के साठा. त्याहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. खेळात साठा 58 टक्के धरा. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे तूट सव्वापाचच्या वर. लेकरं 30: प्राधिकरण 5, नगर-नाशिकचे बागायतदार 8, खालचे शेतकरी 8, अभियंते 4, शहराच्या पाणीपुरवठ्याचे 3, पत्रकार 2.

मोंढा_नाका: नाशिककर झालेलं पोरगंही मनातून परभणीचंच. निकाल आधीच ठरलेला, मग सुनावणी कशाची? शिवाय अशी सरळ वजाबाकी प्रत्यक्षात नसते, वरच्या प्रत्येक धरणसमूहाचा हिशेब वेगळा. त्यापेक्षा या प्राधिकरणाचा 2005 चा कायदा दोन तासिकांत नीट वाचून घ्या.

पैठण_कालवा: वजाबाकीचं मान्य, ती खेळापुरतीच आहे असं आधी सांगायचं. निकालाला मात्र गुणच नाहीत. प्राधिकरणानं एक पान लेखी आदेश द्यायचा, कलमाचा आधार देऊन. 'मराठवाड्यावर अन्याय' एवढंच कारण लिहिलं तर शून्य. कायदा तेव्हाच वाचला जातो, उगं नाही.

गंगाखेड_फाटा: फसतं ते अभियंत्यांपाशी. आकडे सगळ्यांना वाटले की ते चौघं मुके बसतात. नदीपात्रात किती पाणी मुरेल, किती दिवसांत पोहोचेल, हा कागद फक्त त्यांच्याकडं द्या. बाकीच्यांना विचारावंच लागतं, आणि बरोबर प्रश्न विचारला तरच उत्तर मिळतं. एका तासिकेत हे मावत नाही, जोड तासिका घ्या, तीही सकाळची. दुपारी एसटीच्या वेळेला अर्धा वर्ग उठतो आणि आदेश लिहायला कोणी उरत नाही.

मोंढा_नाका: एवढी जुळवाजुळव करण्यापेक्षा गावची ग्रामसभा दाखवा. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ती गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी. ती नाही झाली की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! संस्था कशी चालते ते तिथं दिसतं.

पैठण_कालवा: दिसतं, पण लेकरू तिथं प्रेक्षक. निर्णयाचं ओझं त्याच्यावर येत नाही. दोन्ही करा की: 2 ऑक्टोबरला ग्रामसभा, 15 ला सुनावणी.

मोंढा_नाका: ऑक्टोबरात सत्र परीक्षा तोंडावर असते. सुनावणी सप्टेंबरातच उरका. आणि तुमच्या त्या प्राधिकरणात खालच्या गावांची पाचही पोरं बसवू नका.