मदत हवी आहे : गिंप या फोटो एडिटरमध्ये हालचालीची रेघ मळकट येते

लेझीम खेळणाऱ्याच्या स्थिर फोटोत हातामागे हालचालीची रेघ हवी आहे, मंद शटर ठेवून शेवटी फ्लॅश मारल्यावर येते तशी. गिंप २.१०, लिनक्स.

हात आणि लेझीम वेगळ्या लेयरवर घेतले, प्रत काढून तिला लिनियर मोशन ब्लर (एका दिशेने ओढल्यासारखं धूसर करणारा फिल्टर) दिला : लांबी १२०, कोन ०. हा ब्लर दोन्ही बाजूंना सारखाच पसरतो, म्हणून प्रत ६० पिक्सेल मागे सरकवली आणि मूळ हात वर ठेवला. लेयरची हद्द आधीच वाढवली होती. इथवर ठीक आहे.

अडचण आहे ती लेझमीच्या धातूच्या चकत्यांच्या चमकेची. खऱ्या मंद शटरमध्ये तिची पांढरी धार ओढली जाते. इथे ती सरासरीत विरून राखाडी होते. लेयरचा मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची पद्धत) स्क्रीन केला तर उजळते, पण मागचं मंडपाचं फिकट कापड आरपार दिसतं आणि नको असताना डबल एक्स्पोजर होतं. 'लाइटन ओन्ली' मोडमध्ये (दोन्हींपैकी उजळ तेच दिसतं) त्या कापडावर रेघच नाहीशी होते. ब्लरनंतर कर्व्ह्ज (उजळपणाचा आलेख) उचलले की ८ बिटमुळे, म्हणजे छटा मोजक्याच असल्याने, पट्टे पडतात.

फाइल जेपीईजी आहे, रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) नाही. चमक २५५ ला, म्हणजे उजळपणाच्या कमाल आकड्याला चिकटलेली. फोटोशॉपचा पाथ ब्लर माहीत आहे, पण तो पर्याय नाही. जीमिक (गिंपमध्ये जोडता येणारा फिल्टरांचा संच) चालेल.

ब्लरच्या आधी फाइल ३२ बिट फ्लोट, लिनियर लाइट (२५५ च्या वरचा उजळपणाही धरून ठेवणारी नोंद) करून फक्त चकत्यांचं एक्स्पोजर वाढवलं तर भागेल का? साधारण किती स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड)? आणि खेळणाऱ्याचा पांढरा सदरा सोडून नेमक्या चकत्याच निवडायला मास्क (बाकीचा भाग झाकणारा थर) कसा करता?