ड्रम अँड बेसची लागण तुम्हाला कशी झाली? (खास नागपूरकरांसाठी)

राजेहो, परवा मेट्रोत शेजारच्या पोराच्या हेडफोनमधून ठेका बाहेर गळत होता. सीताबर्डी येईस्तोवर ओळखला: ॲडम एफचं 'सर्कल्स', १९९५. विचारलं तर म्हणतो, "नाही काका, पिंकपँथरेस आहे." दोघंही बरोबर होतो. या गायिकेच्या २०२१ च्या 'ब्रेक इट ऑफ'खाली 'सर्कल्स'च वाजतं. 'काका' तेवढं लागलं.

म्हणून हा ड्रम अँड बेसचा धागा, म्हणजे इंग्लंडातलं ते पळत्या ड्रमचं आणि जड बेसचं संगीत. पहिला ट्रॅक कोणता, कुठे ऐकला, पुढे कान कसे बदलले, ते लिहा. नावाच्या जागी आपली वस्ती टाका. "आमच्या वेळचं जंगल म्हणजे..." हेही चालेल (जंगल म्हणजे याच संगीताचं आधीचं रूप), पण भांडण बेतानं.

माझ्यापासून सुरुवात. धरमपेठेतला सायबर कॅफे, कॉम्प्युटरवर जीटीए थ्री हा गेम. मी मिशन सोडून त्यातला एमएसएक्स एफएम ऐकत बसायचो. त्या स्टेशनवर मूव्हिंग शॅडो या इंग्लिश लेबलचे ट्रॅक लागायचे. ऑम्नी ट्रिओचं 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' आलं की गाडी पुलावर उभी. कॅफेवाला दादा मागून, "अबे, खेळून राहिला का झोपून राहिला?" पैसे तासाचेच घ्यायचा.

महाल:
मी तबला शिकलेला. त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडला की याची लय धरायची कुठली? ड्रम मिनिटाला १७४ ठोक्यांच्या आसपास पळतात आणि बेस त्याच्या निम्म्यानं, ८७ नं, डुलत चालतो. खाली ठाय, वर दुगुन, दोन्ही एकदमच. मान बेसला द्यायची, बोटं ड्रमला. एवढं कळलं आणि गाठ सुटली.

मग 'आमेन ब्रेक' या ड्रमच्या तुकड्याच्या मागे लागलो. द विन्स्टन्स या बँडचं 'आमेन, ब्रदर', १९६९. रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं गाणं. त्यात ग्रेगरी कोलमन सहा-सात सेकंद एकटा ड्रम वाजवतो, चार आवर्तनं म्हणा. पहिली दोन सरळ. तिसऱ्यात स्नेअर (तो कडक आवाजाचा ड्रम) जरा उशिरा पडतो, आणि चौथ्यात पठ्ठ्यानं समच मोकळी सोडलीय! आमच्या गुरुजींनी असं केलं असतं तर पुढच्या रांगेतून दाद आली असती. याच आवर्तनांचे तुकडे करून, उलटसुलट जोडून, वेग वाढवून १९९० नंतर इंग्लंडातल्या पोरांनी जंगल उभं केलं. कोलमनला त्यातला पैसा मिळाला नाही. २००६ मध्ये वारला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडच्या रिचर्ड स्पेन्सरला २४ हजार पाउंड दिले, तोवर वाजवणारा जाऊन नऊ वर्षं झालेली.

आवडतं म्हणाल तर टॅल्विन सिंगचा 'ओके' अल्बम. तबला आणि ड्रम अँड बेस एकाच घरात नांदवले, १९९९ चं ब्रिटनमधलं मर्क्युरी पारितोषिक घेतलं. घरी बाबांना ऐकवला. ते म्हणाले, "हात तयार आहे, पण घाई कशाची आहे त्याला?"

इंदोरा:
जय भीम. मामाचा डीजेचा धंदा, मी बेस, म्हणजे मोठे स्पीकर, उचलणारा. १८ इंची बेसच्या जोड्या ट्रकवर चढवायच्या, वर टॉप (छोटे स्पीकर) बांधायचे, १४ एप्रिलला निघायचं. समोरच्या पानठेल्यावरच्या बरण्या थरथरायला लागल्या की मामा खूश. म्हणून मी वाचलं की जंगलची मुळं जमैकन साउंड सिस्टिममध्ये आहेत, घरी बनवलेल्या पेट्या आणि माइकवर बोलणारा गडी, तेव्हा काही नवल वाटलं नाही. लंडनमध्ये हे वाजवायला रेडिओवाले तयार नव्हते, तर पोरांनी उंच इमारतींच्या गच्चीवर चोरून अँटेना लावले. कूल एफएम त्यातलंच. १९९४ चं 'ओरिजनल नटाह', शाय एफएक्स आणि यूके अपाचीचं, मोबाइलवर ऐकणाऱ्यानं ऐकलंच नाही असं समजा.

माझा पराक्रमही सांगतो. गोदामात मामा नसताना एड रश आणि ऑप्टिकलचा 'वर्महोल' अल्बम लावला, १९९८ चा. त्याचा बेस घुरघुरत वळवळतो, थांबतच नाही. मी आवाज चढवत गेलो. थोड्या वेळानं तो ओळखीचा वास आला, स्पीकरची कॉइल जळाल्याचा. मामा आला, दोन मिनिटं ऐकलं. "हे गाणं हाय का ग्राइंडर बे?" चार महिने पगारातून कापले.

हिंगणा रोड:
हॉस्टेल, पेंड्युलम बँड, 'होल्ड युअर कलर' अल्बम, २००५. जाणकार नाक मुरडतात की हे ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे रॉकवाले आहेत. मुरडू द्या. मे महिन्यात कुलरच्या घरघरीत बारीक बेस ऐकूच येत नाही, त्यातलं 'टॅरँटुला' येतं.

प्रतापनगर:
सगळे शूरवीर 'पहिला ट्रॅक' म्हणून मोठमोठी नावं सांगताहेत. अहो, पॉवरपफ गर्ल्स कार्टूनच्या सुरुवातीच्या संगीतात आमेन ब्रेक आहे. तुम्ही तो शाळेतून आल्यावर दूध-पोळी खाताना ऐकलाय.

मी नर्स आहे. रात्रपाळीला जाताना गोल्डीचं 'टाइमलेस' लावते, १९९५ चं, २१ मिनिटांचं. अंबाझरीपाशी डायन शार्लमेनचा आवाज येतो आणि स्टँडला गाडी लावेपर्यंत गाणं संपतं. सकाळी परतताना मात्र डोकं भरलेलं असतं, तेव्हा डीजे मार्की आणि एक्सआरएसचं 'एलके'. ब्राझीलची माणसं, गिटारही तिथलीच, ड्रम तेवढेच पण टोचत नाहीत. एकदा रात्री वॉर्डात तिघं गेले. त्या सकाळी काहीच लावलं नाही, फक्त इअरफोन कानात ठेवले.

मनीषनगर:
मेट्रोतला मुलगा मीच. काका म्हटल्याबद्दल सॉरी, दादा. आमची गाणी दोन मिनिटांच्या आत संपतात म्हणून हसू नका. 'सर्कल्स' मी त्या दिवशी घरी जाऊन पूर्ण ऐकलं, छान आहे, पण सुरू व्हायला फार वेळ घेतं. निया आर्काइव्ह्ज ही गायिका ऐका, जुने तुटलेले ड्रम आणि वर साधं गाणं. तुमच्यातल्या भांडणाची तिथे तडजोड आहे.

इंदोऱ्याच्या दादांना एक विचारायचं होतं. डिसेंबरात ताईची हळद आहे. मामांचे बेस भाड्यानं मिळतील का? शेवटची दहा मिनिटं मी लावणार.

इंदोरा:
मिळतील. 'वर्महोल' लावणार असशील तर कॉइलचे पैसे आधी जमा कर.