मदत हवी आहे: फुल्यांच्या साक्षीतला शिक्षणाचा हक्क

बी.एड.ला ‘शिक्षण आणि न्याय’ शिकवतेय. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे (ब्रिटिश सरकारचा शिक्षण आयोग) जोतीराव फुल्यांनी मांडलं: महसूल रयतेच्या घामाचा, खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर; म्हणून किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. फार ताकदीचा युक्तिवाद आहे. पण एका विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, ज्याच्याकडून महसूल येतच नाही त्याच्या मुलाचं काय?” प्रश्न रास्त आहे, तो टाळायचा नाही.

आयोगापुढचं हे निवेदन आणि फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचून झालंय. त्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात समान मानवी हक्क आहेत, पण शिक्षणाशी थेट जोडलेला उतारा मला मिळाला नाही. शिक्षणहक्क कायद्याशी तुलना नको, ती वर्गात झाली. वर्गात वाचता येईल असा पानभर मराठी मजकूर पुरे. महसुलाचा आधार न घेता, केवळ माणूस म्हणून शिक्षणाचा हक्क फुल्यांनी नेमका कुठे मांडलाय?